सल्ल्याची फी कोण भरतं?

सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची असली की कोल्हापुरात वकिलाला पैसे मोजायला कुणी मागंपुढं पाहत नाही. रिटर्न भरणाऱ्या सीएची फीसुद्धा दरवर्षी मुकाट दिली जाते. पैसे कुठं ठेवावेत हा सल्ला मात्र फुकटच मिळायला हवा अशी आपल्याकडं समजूत आहे, आणि तो मिळतोही. पॉलिसीवाला पाहुण्यातला असतो, म्युच्युअल फंडवाला मुलाच्या मित्राचा भाऊ असतो, आणि खात्यात मोठी रक्कम पडली की बँकेतल्या मॅडम केबिनमध्ये बसवून चहा मागवतात. यातलं कुणीही आपल्याकडून रुपया मागत नाही. मग वर्षाला २० हजार देऊन आर्थिक सल्लागार नेमायचा का, या प्रश्नावर पहिलं उत्तर ‘कशाला?’ हेच येणार.

त्या ‘कशाला’चं उत्तर शोधायचं तर एक कागद मागवावा. कॅम्स किंवा केफिनटेक या म्युच्युअल फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर पॅन आणि नोंदवलेला ईमेल दिला की आपल्या सगळ्या म्युच्युअल फंडांचं एकत्रित खातेपत्रक पीडीएफमध्ये येतं. त्याला ‘कॅस’ म्हणतात. योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’ ते आधी बघावं. रेग्युलर असेल तर सोबत एआरएनने सुरू होणारा क्रमांक असतो, तो वितरकाचा, म्हणजे फंड विकणाऱ्याचा. मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या सहामाही पत्रकात तर आणखी एक रकाना असतो: त्या सहा महिन्यांत आपल्या गुंतवणुकीपोटी वितरकाला मिळालेलं कमिशन, थेट रुपयांत. ते पान सहसा कुणी उघडत नाही. २० लाख इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या फंडात, असलेल्या घरानं उघडलं, तर वर्षाकाठी १५ ते २० हजारांच्या आसपासचा आकडा दिसून दचकायला होईल. फुकटच्या सल्ल्याची फी ती हीच. ती रोजच्या एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातून, तसूतसूनं कापली जाते, म्हणून हाताला लागत नाही.

डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून मिळतात. फंड तोच, व्यवस्थापक तोच, शेअरही तेच, फक्त वितरकाचं कमिशन त्यात नसतं. इक्विटी फंडात हा फरक साधारण अर्धा ते सव्वा टक्का असतो. एक टक्का धरू. महिना १० हजारांची एसआयपी २० वर्षं चालवली आणि परतावा १२ टक्के मिळाला तर जवळपास १ कोटी होतात, ११ टक्के मिळाला तर ८७ लाखांच्या आसपास. मधले साडेबारा लाख हा त्या एका टक्क्याचा हिशेब.

आता वितरकाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण इंटरनेटवर त्याला झोडपण्याची फॅशनच आहे. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पॅनवर ‘दत्तात्रेय’ असल्यामुळं अडकलेलं केवायसी तोच मार्गी लावतो. नवरा गेल्यावर फोलिओ (फंडातलं खातं) बायकोच्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, बँकेच्या सहीचा कागद आणि नॉमिनीचे अर्ज घेऊन खेटे घालतो तोही तोच. आणि मार्च २०२० मध्ये बाजार आपटला तेव्हा ‘काही विकू नका’ असं फोन करून सांगणारा वितरक ज्यांना लाभला, त्यांचे त्या एका फोनमध्ये कित्येक वर्षांचे कमिशन वसूल झाले. असा माणूस हाताशी असेल आणि स्वतः हिशेब ठेवायचा कंटाळा असेल, तर त्याच्याकडंच राहण्यात काही कमीपणा नाही. आपण त्याला काय देतो हे माहीत असावं, एवढंच.

खरी गोची विम्यात आहे. वर्षाला ५० हजारांचा हप्ता, २० वर्षं, शेवटी १८ लाख, असा कागद पाहुण्यातल्या माणसानं पुढं ठेवला की ‘१० लाखांचे १८ लाख’ ऐकून घरातले माना डोलावतात. तेच आकडे एक्सेलमध्ये आयआरआरच्या, म्हणजे वार्षिक परतावा काढणाऱ्या, सूत्रात घातले की परतावा निघतो वर्षाला ५.३ टक्के. पीपीएफवर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळताहेत, तेही करमुक्त आणि सरकारी. शिवाय त्या पॉलिसीचं संरक्षण पाच-दहा लाखांचं, म्हणजे कमावता माणूस गेला तर घर दोन वर्षंही नीट चालायचं नाही. नुकतीच घेतली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ खर्च कापून पैसे परत मिळतात. मुदत उलटली की पर्याय दोन, मध्येच सोडणं (सरेंडर) किंवा हप्ते थांबवून पेड-अप करणं, म्हणजे पॉलिसी कमी रकमेवर मुदतीपर्यंत तशीच ठेवणं. कुठला फायद्याचा हे प्रत्येक पॉलिसीचे राहिलेले हप्ते आणि सरेंडर मूल्य बघून वेगवेगळं काढावं लागतं. ज्यानं ती विकली त्याला हा हिशेब करून द्यायला सांगणं म्हणजे त्याचीच परीक्षा त्याच्याकडून तपासून घेणं. फी घेणारा सल्लागार इथं कामाला येतो.

फी घेणारा म्हणजे सेबीकडं, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नोंदलेला गुंतवणूक सल्लागार. २०१३ च्या नियमांखाली त्याला आयएनए या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. एकाच ग्राहकाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर फंडही विकायचा, हे त्याला चालत नाही. देशभरात असे सल्लागार हजाराच्या आसपास आहेत, तर एआरएन घेतलेले वितरक लाखाच्या वर. त्यामुळं राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत पाटी शोधत फिरण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईचा किंवा बेंगळुरूचा सल्लागार व्हिडिओ कॉलवर चालतो, आणि तसंच बहुतेकांचं चाललेलं असतं.

फी दोन प्रकारांनी घेता येते. एक ठोक रक्कम, एका कुटुंबामागं वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार. दुसरी सल्ल्याखालच्या रकमेवर टक्केवारी, कमाल अडीच टक्के. वर १८ टक्के जीएसटी असू शकतो. वर्षभरापेक्षा जास्त आगाऊ फी घेता येत नाही, रोख तर अजिबात नाही. माझा कल सरळ ठोक फीकडं आहे. टक्केवारीवाल्याला ‘घरकर्ज आधी फेडू का?’ असं विचारलं की त्याच्यापुढं पेच पडतो: कर्ज फेडलं तर त्याच्या देखरेखीखालची रक्कम घटते, पर्यायानं फीही. जमीन घेण्याबद्दल विचारलं तरी तेच. माणूस सज्जन असला तरी खुर्चीच तशी ठेवलेली आहे. ठोक फीवाल्याचा दोष निराळा. पैसे आले की त्याला कमीत कमी कामात भागवावंसं वाटू शकतं. पण हा दोष आपल्याला डोळ्यांनी दिसतो, फोन उचलला जात नाही तेव्हा कळतो.

परवडतं का, ते काढायला सोपं. २० हजार फी आणि जीएसटी मिळून २३,६०० होतात. डायरेक्टमध्ये जाऊन एक टक्का वाचणार असेल, तर इक्विटी फंडात २३ लाख ६० हजार असतील तेव्हा बरोबरी होते. त्याखाली फी अंगावर पडते. म्हणून शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ४० हजार पगारावर असलेल्या, महिना ५ हजारांची एसआयपी नुकतीच सुरू केलेल्या तरुणानं दरवर्षीचा सल्लागार नेमू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला लागतो एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा), घरच्यांचा आरोग्य विमा, सहा महिन्यांचा खर्च बँकेत आणि एखादा इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेणारा). एवढ्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

सल्लागार लागतो तो आयुष्यात दोन-चार वेळा, मोठी रक्कम एकदम हातात येते तेव्हा. आणि नेमक्या त्या वेळी आपण चहा पाजणाऱ्याचं ऐकतो.

शाळेतले सर ५८ व्या वर्षी मेअखेर निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्रीची रक्कम, भविष्य निर्वाह निधी असं मिळून समजा ४० लाख खात्यात पडले. आठवड्यात बँकेतून फोन येतो, आणि पुढं येतो तो बहुधा विम्याचा एखादा जाडजूड माहितीपत्रकाचा प्रस्ताव. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं नाव कुणी काढत नाही, कारण त्यात कुणाला काही सुटत नाही. या योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्याचा दर ८.२ टक्के. म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, पाच वर्षं. साठीच्या आतल्या निवृत्तांना मात्र अट आहे: निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं, आणि मिळालेल्या निवृत्तिलाभांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. ‘बघू, गणपती झाल्यावर’ म्हणत तीन महिने सरले की मग साठ पूर्ण होईपर्यंत थांबा. अशा वेळी एकदाच फी देऊन आराखडा करून घेतला, तर ती पहिल्याच वर्षात निघून येते.

जमिनीचं याहून किचकट. शेतजमीन विकली की कर लागत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. नगरपालिकेच्या हद्दीपासून किती अंतर, यावर सगळं ठरतं. शहराची लोकसंख्या १ ते १० लाख असेल तर हद्दीपासून ६ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन करात येते. कोल्हापूर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात होतं, म्हणजे उचगाव, पाचगाव, कळंबा असली शहराला खेटलेली गावं सरळ आत. अंतर मोजायचं ते हवाई, रस्त्याचं नव्हे. त्यामुळं ‘आमचं रान शहरापासून आठ किलोमीटर आहे’ हा दावा नकाशावर साडेपाच भरू शकतो. कागल, गडहिंग्लजसारख्या छोट्या नगरपालिकांसाठी हेच अंतर २ किलोमीटर. कर वाचवायचे मार्ग आहेत, विकलेल्या शेतीच्या बदल्यात शेती घेणं किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे ठरावीक बाँड घेणं. पण घड्याळ खरेदीपत्राच्या तारखेपासून चालू होतं. सल्ला घ्यायचा तो साठेखत होण्याआधी, आणि करापुरता सीएचा. गुंतवणूक सल्लागार आणि सीए यांना एकमेकांशी बोलायला लावणं हे आपलं काम. ते आपणहून बोलत नाहीत.

बाहेरगावचा सल्लागार घ्यायचा म्हटलं की एक अडचण येते, ती इथल्या पैशाच्या चालीची. त्याच्या छापील तक्त्यात पगार दर महिन्याच्या एक तारखेला येतो. करवीर, कागल, शिरोळमधल्या घरात दूधबिल दर दहा दिवसांनी येतं, उसाचं बिल हंगामात, दूधदराचा फरक दिवाळीला. अशा घराला पाच तारखेची २० हजारांची एसआयपी लावून दिली की पावसाळ्यात ती हमखास बाउन्स होते. बँक दंड घेते, आणि सलग तीन हप्ते चुकले की एसआयपी आपोआप रद्द होते. इथली सोय वेगळी करावी लागते. ऊसबिल आलं की ते लिक्विड फंडात, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात, टाकायचं, आणि तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम इक्विटी फंडात वळवायची सूचना देऊन ठेवायची. याला एसटीपी म्हणतात. पेरणीला पैसे लागले तर लिक्विड फंडातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढता येतात, सात दिवसांनंतर एक्झिट लोडही (लवकर पैसे काढल्याबद्दलची कपात) नाही.

कर्जाचंही तसंच. शहरातला सल्लागार ‘सगळी कर्जं आधी संपवा’ असं पाठ केल्यासारखं सांगतो. सेवा सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य टक्के पडतं, हे त्याला ठाऊक नसतं. हे कर्ज घाईनं संपवण्यात काही शहाणपण नाही, मुदत चुकवण्यात मात्र मोठा तोटा आहे. भिशीचं काय करायचं, हेही त्याला सांगावं लागेल. हप्ते किती राहिलेत, उचल झाली की व्हायचीय, एवढं लिहून द्यावं. गुजरीतून घेतलेलं सोनं तोळ्यांत, पतसंस्थेतल्या ठेवी तारखांसह.

पतसंस्थेवरून एक सांगितलंच पाहिजे, कारण याबद्दलचा गैरसमज फार महागात पडतो. ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण बँकेतल्या ठेवींना असतं, नागरी सहकारी बँकासुद्धा त्यात आल्या. ते माणशी, बँकेमागं, सगळ्या शाखा मिळून आणि व्याजासकट. पतसंस्था त्यात नाहीत. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी घरातली सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणारी कुटुंबं जिल्ह्यात गावोगाव आहेत. चेअरमन ओळखीचे असणं हा विमा नव्हे. सल्लागारही यावर जपून बोलेल, कारण ठेवी, सोनं, जमीन यांवर सेबीचा अधिकार चालत नाही, आणि त्यांबद्दलच्या सल्ल्याची तक्रार सेबीकडं ऐकली जात नाही. तरी बोलायला लावा. जो हा भाग सोडून फक्त फंडांवर बोलतो, त्याला घराचा निम्मा पैसा दिसलेलाच नाही.

महिन्याला पाच-दहा टक्के परताव्याची हमी देणाऱ्यांबद्दल इथं जास्त लिहीत नाही. कोल्हापूर-सांगली पट्ट्यानं त्यात पुरेसं गमावलंय. खरा सल्लागार हमी देऊ शकत नाही, नियमच तसा आहे. हमीचा शब्द निघाला की उठावं.

नेमायचं ठरलंच तर आधी सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नोंदणी क्रमांक तपासावा, आणि तिथला ईमेल-फोन आपल्याशी बोलणाऱ्याचाच आहे का हेही. दुसऱ्याचा क्रमांक लावून टेलिग्रामवर दुकान थाटणारे आहेत. सल्लागाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दर महिन्याच्या तक्रारींचा तक्ता असावा लागतो. तो अद्ययावत नसेल तर माणूस कागदपत्रांत ढिला आहे असं समजा. नोंदणी आहे म्हणजे अनुभव आहे असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अनुभवाची अट काढली गेली. म्हणून पहिल्या भेटीत विचारावं: तुम्हाला माझ्याशिवाय आणखी कुणाकडून पैसे मिळतात का? माझ्यासारख्या घराचा, नाव झाकलेला, जुना आराखडा दाखवाल? माझ्याकडचं काय बंद करायला सांगाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागद बघायच्या आधीच ठसठशीत आलं, तर तो सगळ्यांना तेच सांगत असणार.

मग करार होतो, त्याआधी फी द्यायची नसते. जोखीम मोजायचा अर्ज भरताना घाई करू नये. ‘बाजार २० टक्के पडला तर काय कराल?’ याला तेजीत सगळेच ‘आणखी घालू’ असं लिहितात. २० टक्क्यांऐवजी १५ लाखांचे १२ लाख झाले असं वाचावं, आणि उत्तर देताना बायको किंवा नवरा शेजारी असावा. सह्या, ओटीपी, पासवर्ड आपल्याकडंच. तुमच्या वतीनं व्यवहार करण्याचं मुखत्यारपत्र मागायला सल्लागाराला मनाई आहे.

बिघडतं कुठं? बहुतेकदा आराखडा आल्यानंतर. ४० पानांची फाइल ईमेलमध्ये पडून राहते, कारण पुढची पावलं आपल्यालाच टाकायची असतात आणि वितरकाला, म्हणजे त्या मित्राच्या भावाला, सांगायचं अवघड जातं. म्हणून करारातच लिहून घ्यावं, की आराखड्यानंतर तीन महिन्यांत दोन बैठका फक्त अंमलबजावणीसाठी. उलट टोकाचा सल्लागारही असतो, जो काम दाखवायला दर तिमाहीत फंड बदलायला लावतो. प्रत्येक बदल म्हणजे विक्री, आणि विक्री म्हणजे कर.

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जातानाही हेच ध्यानात ठेवावं. नव्या एसआयपी लगेच डायरेक्टमध्ये सुरू कराव्यात, जुन्या थांबवाव्यात, पण साठलेली रक्कम एका दिवसात हलवू नये. वर्षाच्या आतल्या युनिटांवर बहुतेक इक्विटी फंड एक टक्का एक्झिट लोड लावतात, आणि नफ्यावर २० टक्के कर. वर्षावरच्या नफ्याला साडेबारा टक्के, त्यातही आर्थिक वर्षात पहिले सव्वा लाख सोडून. समजा जुन्या २० लाखांत ८ लाख नफा आहे. एकदम हलवले तर पावणेसात लाखांवर कर, सेस धरून ८७,७५० रुपये. थोडे मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये हलवले तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते आणि १६,२५० वाचतात. घाई नसेल तर दरवर्षी सव्वा लाख नफ्याएवढेच युनिट काढत जावे. आधी घेतलेले युनिट आधी विकले जातात, म्हणून सुरुवातीच्या विक्रीत नफ्याचा वाटा जास्त निघतो, हे आकडे मांडताना धरावं. नवरा-बायकोचे फोलिओ वेगळे असतील तर सूट दोघांना वेगवेगळी.